चार दिवसांची मुंबई: सहा वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा आणि सोबत आजी

सांगलीतल्या विश्रामबागच्या एका ताईंनी विचारलंय: "भाऊबीज झाली की चार दिवस मुंबईला जायचं ठरवलंय. मी, मिस्टर, सासूबाई, मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा अडीचचा. मुलांनी अजून समुद्र बघितलेला नाही. १९ ठिकाणांची यादी केलीय, रोज चार-पाच उरकतील का? डोंबिवलीला नणंद आहे, तिच्याकडे उतरावं की लॉज घ्यावा? आणि लहान मुलांना घेऊन लोकलमध्ये चढता येतं का, की सगळीकडे टॅक्सीच बरी?"

ताई, यादी वाचली. मन लावून केलीय तुम्ही, पण ती मोठ्या माणसांची यादी आहे. त्यातली चार ठिकाणं ठेवा आणि पंधरा काढून टाका. दिवसाला एकच. हे ऐकून तुमच्या मिस्टरांना वाटेल की एवढा खर्च करून जायचं आणि चारच ठिकाणं बघायची? पण हे मी सतरा वर्षांच्या अनुभवावरून सांगतेय.

मी सांगलीत बालवाडी चालवते. २००८ पासून, करोनाची दोन वर्षं सोडली तर, दर हिवाळ्यात आठ-दहा कुटुंबं घेऊन मुंबईला जाते. मुलं सगळी आठ वर्षांच्या आतली. पहिल्या दोन सहलींत मीही अशीच लांबलचक यादी केली होती आणि मुलांना अक्षरशः ओढत नेऊन ती पुरी केली होती. दुसऱ्या सहलीत परतीच्या गाडीत बसल्यावर मुलांना विचारलं, "काय काय आवडलं?" गेटवे, म्युझियम, तारांगण, सगळं दाखवून झालं होतं. पहिलं उत्तर आलं, "सरकता जिना!" दुसरा म्हणाला, "लोकलची खिडकी." तिसरी म्हणाली, "लॉजची लिफ्ट. मी बटण दाबलं." गेटवेचं नाव एकानंही काढलं नाही. फक्त एक चिमुरडी म्हणाली, "तिथं कबुतरं होती."

तेव्हापासून माझा हिशोब बदलला. मुलांना मुंबई वाटेतच भेटते. लोकल, बोट, दुमजली बस, जमिनीखालची मेट्रो, सरकते जिने यांतलं काही आपल्याकडच्या मुलांच्या रोजच्या जगात नाही. म्हणून जाणं-येणं हे 'वेळ खाणारं' समजू नका, तेच बघायचं ठिकाण समजा आणि त्याला मोकळा वेळ द्या. सरकत्या जिन्यावरून मुलीला तीनदा खाली-वर करायचं असेल तर करू द्या. त्यासाठी तर एवढं लांब आणलंय तिला.

आता जायचं कसं. स्वतःची गाडी नेऊ नका. सांगली ते मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या घरात आहे. लहान मुलांना खंबाटकीला किंवा बोरघाटात गाडी लागते आणि मुंबईत पोचल्यावर तीच गाडी पार्किंगपायी डोक्याला ताप होते. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जा. मुलं झोपेत जातात आणि सकाळी दादरला उतरता येतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या सुट्टीत पहिल्या दिवशीच संपत येतं, तेव्हा तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही. मुलीला मात्र स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं, बर्थ नको असेल तर अर्धं. इथं पैसे वाचवू नका. एका बर्थवर दोघी झोपलात तर तुमची झोप होणार नाही, आणि आई न झोपलेली असली की पुढचा सबंध दिवस सगळ्यांचाच चिडचिडीत जातो.

नणंदबाईंच्या घराबद्दल स्पष्टच सांगते, कारण दरवर्षी हाच प्रश्न येतो आणि बिचाऱ्या सूनबाईंना तो कुणासमोर मांडता येत नाही. डोंबिवली सीएसएमटीपासून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून) ४८ किलोमीटरवर आहे. रोज सकाळी आठच्या गर्दीत दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन तिथून निघणं आणि रोज संध्याकाळी त्याच गर्दीतून परतणं होणारं नाही. मोठ्या माणसांचंही होत नाही. पण नणंदेकडे न उतरणं म्हणजे तिला परकं केल्यासारखं होऊ नये, म्हणून जायच्या महिनाभर आधी सासूबाईंनाच फोन करायला सांगा: "आम्ही दादरला उतरतोय, रविवारी तू मुलांना घेऊन ये, सगळे शिवाजी पार्कला बसू." मी पाहिलंय, भाचरं एकत्र आली की मैदानात दोन तास कुणाला आयांची आठवण होत नाही आणि आजीलाही लेक भेटते.

उतरायला दादरच म्हणते याला कारणं आहेत. मध्य आणि पश्चिम दोन्ही लाइनी तिथं आहेत, मेट्रो आहे, चौपाटी पायी गाठता येते, वरण-भात, थालीपीठ कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं. लॉज ठरवताना तीनच गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, सकाळी सातला खोली मिळेल का, आणि खोली रस्त्याच्या बाजूला आहे की मागच्या. बाकी टीव्ही, गालिचा यांचं मुलांना काही नसतं. सकाळी सातला खोलीचा ताबा मिळणार नसेल तर आदल्या रात्रीचे पैसे भरा पण खोली घ्या. रात्रभराच्या प्रवासानंतर अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन लॉजच्या बाकड्यावर दुपारी बारापर्यंत बसणं फार वाईट. एकदा आमच्या गटावर ती वेळ आली. दहा वाजेपर्यंत चार मुलं रडत होती आणि एका बापाचा मॅनेजरशी वाद झाला. दिवस तिथंच गेला.

चार दिवस कसे लावायचे ते सांगते. शनिवारी सकाळी पोचा असं धरून चालू.

शनिवारी काही बघू नका. आंघोळ, जेवण, झोप. संध्याकाळी फक्त समुद्र.

समुद्राबद्दल थोडं सविस्तर बोलायचंय, कारण आपल्या सांगलीच्या मुलांचं पाण्याशी वेगळं नातं आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याच डिसेंबरात मी सहल नेली. गटात शामरावनगरचा एक साडेपाच वर्षांचा मुलगा होता. घर बुडालेलं, बोटीतून बाहेर काढलेलं. दादर चौपाटीवर बाकीची मुलं पाण्याकडे धावली आणि हा माझी साडी धरून उभा. बराच वेळ बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "बाई, हा पूर कधी उतरणार?" मला काय बोलावं सुचेना. सुदैवानं तेव्हा ओहोटी लागलेली होती. मी एक काटकी घेतली, पाणी जिथवर आलं होतं तिथं वाळूत रेघ मारली आणि त्याला शेजारी घेऊन बसले. पाव तासानं रेघेपुढे हातभर ओली वाळू दिसायला लागली. त्यानं स्वतः उठून दुसरी रेघ मारली. मग तिसरी. अंधार पडेपर्यंत अकरा रेघा झाल्या. त्याला कळलं की हे पाणी रोज येतं आणि रोज जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या त्यानं विचारलं, "आज किती रेघा?"

तेव्हापासून मी मुलांना पहिल्यांदा समुद्र दाखवते तो ओहोटी चालू असतानाच. साधारण सहा तास भरती आणि सहा तास ओहोटी असं चक्र चालतं आणि वेळा रोज पाऊण तासाहून थोड्या जास्त पुढे सरकतात. मोबाइलवर वेळ बघा आणि पाणी उतरू लागलं असेल तेव्हा मुलांना न्या. अंगावर येणाऱ्या लाटेपेक्षा लांब जाणारी लाट मुलांना धीट करते. काटकी सोबत ठेवा. जादा कपड्यांचा एक जोड आणि पाय धुवायला दोन लिटर पाणीही. चपला हातात घेऊन अनवाणी चालवू नका, वाळूत काच असते.

रविवारी सकाळी लोकल. तुमच्या यादीत लोकल नव्हती, ती मी घालते. रविवारी सकाळी सात-साडेसातला दादरहून सीएसएमटीकडे जाणारी धीमी लोकल घ्या. बसायला जागा मिळते. दादरनंतर परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड, मशीद आणि सीएसएमटी, अशी सात स्टेशनं. मुलीला ती घरी पाठ करायला लावा. गाडीत "पुढील स्टेशन..." अशी मराठीत घोषणा होते आणि घोषणेच्या आधी नाव सांगायचा खेळ मुलं सीएसएमटीपर्यंत खेळतात. हीच ती लाइन, ज्यावर १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून, म्हणजे आताच्या सीएसएमटीकडून, ठाण्याला पहिली गाडी धावली. आईनं हे एकदा सांगितलं की मुलं ते वर्षभर सगळ्यांना सांगत फिरतात.

सासूबाईंना खिडकीशी बसवा. तुमच्या सासरकडचं कुणी गिरणीत होतं का, हे मला माहीत नाही, पण खानापूर, आटपाडी, शिराळा, पलीकडे पाटण, खटाव-माण इथल्या कितीतरी घरांतून लालबाग-परळच्या गिरण्यांत माणसं गेली होती. १९८२च्या संपानंतर बरीच गावी परतली. आमच्या एका सहलीत विट्याकडच्या एका आजींनी करी रोडच्या आसपास खिडकीतून एक धुराडं दाखवलं आणि नातवाला म्हणाल्या, "तुझे पणजोबा तिथं रातपाळीला असायचे." नातू चार वर्षांचा. म्हणाला, "मग झोपायचे कधी?" आजी मशीद स्टेशन येईपर्यंत सांगत होत्या: दहा बाय बाराच्या खोलीत पाळ्यांनी झोपणारी माणसं, खानावळीतलं जेवण, गावाकडे जाणारी मनिऑर्डर. त्या मुलासाठी मुंबई तिथं सुरू झाली. आजीला सहलीत घेता तेव्हा फक्त मुलं सांभाळायला घेऊ नका. तिच्याकडे काय आहे ते विचारा.

आता चढण्या-उतरण्याचं. लोकल स्टेशनात जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते. म्हणून सराव घरीच करायचा. आमच्या बालवाडीत आम्ही चार खुर्च्या मांडतो, दाराच्या जागी खडूनं दोन रेघा मारतो आणि मी टाळी वाजवली की चढायचं. मुलांना हा खेळ फार आवडतो. नियम एकच: प्रत्येक मुलाचं एक माणूस. मुलगी आईची, मुलगा बाबांचा. फलाटावर आल्यापासून उतरून बाहेर पडेपर्यंत यात अदलाबदल नाही. "तू धर गं जरा हिला" असं म्हणायचंच नाही. चढताना आधी आजी, मग तुम्ही मुलीला घेऊन, शेवटी बाबा मुलाला छातीशी बांधून. मुलीचं मनगट धरा. बोटं धरली की घामानं निसटतात. फलाट आणि गाडीत फट असते, तिथं मुलीनं उडी मारायची नाही, तुम्ही उचलून आत ठेवायचं.

आणि हे आधीच ठरवून ठेवा: कुणी फलाटावर मागे राहिलं तर त्यानं तिथंच उभं राहायचं. सुटलेल्या गाडीमागे धावायचं नाही. पुढे गेलेल्यांनी पुढच्या स्टेशनला उतरून परत यायचं. हे ठरलेलं असलं की कुणी घाबरून चालत्या गाडीत पाय टाकत नाही.

वातानुकूलित लोकलचे दरवाजे आपोआप बंद होतात, अगदी लहान मूल असेल तर ती सगळ्यात निर्धास्त. पण मुलीला वारा लागायला हवा, म्हणून रविवारच्या सकाळी साधी लोकलच घ्या. इतर दिवशी सकाळी आठ ते साडेदहा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे मुलांसह लोकलचं नाव काढू नका. रविवारी दुपारी बहुतेक मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद असतात, तोही आदल्या दिवशी बघून ठेवा.

सीएसएमटीला उतरलात की बाहेरून दुमजली बस घ्या. जुन्या लाल दुमजली बस सप्टेंबर २०२३मध्ये बंद झाल्या, आता विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित आहेत. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मिळेपर्यंत एखादी बस सोडावी लागली तरी सोडा. नरिमन पॉइंटला उतरून मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसा, घरून आणलेलं खा आणि ऊन चढायच्या आत परत.

परतताना चर्चगेटहून मेट्रो घ्या. दोन वर्षांपूर्वी हे सांगता आलं नसतं. ऑक्टोबर २०२५पासून आरे ते कफ परेड ही जमिनीखालची मेट्रो पूर्ण सुरू झालीय, साडेतेहतीस किलोमीटरची. चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी, सायन्स सेंटर, सिद्धिविनायक, दादर ही सगळी स्टेशनं तिच्यावर आहेत. लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत, स्वच्छतागृहं आहेत. गुडघे दुखणाऱ्या आजी आणि बाबागाडी, दोघांचीही सोय झाली. एरवी मी बाबागाडी आणू नका असंच सांगत आले. लोकलच्या पुलांवर आणि फुटपाथवर ती उचलूनच न्यावी लागते. अजूनही मी अंगाला बांधायच्या झोळीच्याच बाजूनं आहे. मूल उंचावर असतं, त्याला दिसतं आणि गर्दीत ते तुमच्या छातीशी असतं. सासूबाईंना सिद्धिविनायकाचं दर्शन घ्यायचं असेल तर दादरहून एकच स्टेशन आहे. एका संध्याकाळी मिस्टरांनी त्यांना घेऊन जावं, तुम्ही मुलांना मैदानात खेळवा. रांगेत मुलं नकोत.

सोमवारी राणीबाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय. बुधवारी ती बंद असते हे लक्षात ठेवा. सकाळच्या गर्दीमुळे भायखळ्याला टॅक्सीनं जा, दादरहून लांब नाही. उघडण्याच्या वेळेला दारात हजर राहा आणि आधी पेंग्विन बघा, नंतर तिथं रांग लागते. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, २०१७पासून लोकांना बघायला खुले आहेत. काचेपाशी मुलीला खाली बसवा. उभं राहिलं तर मोठ्यांच्या पाठी दिसतात, बसलं तर पोहणारा पेंग्विन थेट नाकासमोरून जातो. त्यानंतर वाघ, पक्ष्यांचा मोठा पिंजरा, एवढं पुरे. बाग दीडशेहून जास्त वर्षांची आहे, झाडं प्रचंड आहेत. त्यांच्या सावलीत एखादी चादर टाका आणि अर्धा तास काही करू नका. लहान मुलाला मुंग्या बघू द्या.

निघताना शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती दाखवा. हा मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरून त्या बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं. १८६४मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा प्रयत्न केला, उचलताना साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते जोडून तो इथं उभा केला. "तुटला आणि परत जोडला" ही गोष्ट मुलांना इतकी आवडते की ती जोडाच्या रेषा शोधत बसतात.

खुद्द घारापुरीला यावेळी जाऊ नका. लेणी अप्रतिम आहेत, पण जाताना तासभर बोट, मग १२० पायऱ्या, वर माकडं आणि परत तेवढंच. अडीच वर्षांचं मूल अर्ध्या पायऱ्यांवर उचला म्हणतं. तो पाच-सहा वर्षांचा झाला की जा, आणि सोमवार टाळून जा, त्या दिवशी लेणी बंद असतात. मंगळवारी गेटवेहून फक्त बंदरात फिरवून आणणारी छोटी फेरी करा. मुलांना बोटच हवी असते, बेट नसलं तरी चालतं. गेटवेच्या पायऱ्यांवर भरती-ओहोटीप्रमाणे बोट वर-खाली असते, शेवटची पायरी शेवाळलेली असते. तिथंही लोकलचाच नियम: मुलीचं मनगट आईच्या हातात, मुलगा बाबांच्या छातीशी. डिसेंबर २०२४मध्ये गेटवेजवळच्या समुद्रात बोटीचा मोठा अपघात झाला होता. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं मागून घ्या आणि बोट सुटायच्या आधी घाला. मापाचं नाही म्हणाले तर बोटीत बसू नका, दुसरी बघा. यात मी कधीही तडजोड केली नाही.

मुलांच्या मनात शंका असेल की गेटवे कशासाठी बांधलं, तर एवढं पुरे: इंग्रजांचा राजा १९११ला आला त्याची आठवण म्हणून बांधलं, १९२४ला पूर्ण झालं आणि २८ फेब्रुवारी १९४८ला शेवटचे इंग्रज सैनिक याच दारातून निघून गेले.

पाऊस आला, कुणी कंटाळलं किंवा बोट जमली नाही तर नेहरू सायन्स सेंटर हातात ठेवा. तिथं यंत्रांना हात लावता येतो आणि बाहेर मोठं आवार आहे. तारांगण पाच वर्षांच्या आतल्यांना नको, अंधारात घाबरून रडतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एकच दालन बघायचं असेल तर प्राणी-पक्ष्यांचं.

दुपारची झोप. चारही दिवस एक वाजता खोलीत, चार वाजेपर्यंत पडदे ओढून झोप. लोक ठिकाणांचा बळी देऊन झोप द्यायला तयार होत नाहीत आणि मग पाच वाजता चौपाटीवर मूल जमिनीवर लोळण घेतं. ते हट्टी नसतं, ते थकलेलं असतं. तशात त्याला धपाटा बसतो, मुलाला आठवण राहते ती त्या धपाट्याची. झोप झालेलं मूल संध्याकाळी दोन तास कुरकुर न करता चालतं, हे मी शेकडो मुलांत पाहिलंय.

हवेचाही फरक लक्षात घ्या. आपल्याकडे घाम येतो आणि वाळतो. मुंबईत तो अंगावरच राहतो. मुलांना घामोळं येतं, मांड्या घासतात, किरकिर सुरू होते आणि कारण सापडत नाही. सुती सैल कपडे, दुपारी एक जादा आंघोळ, आणि तहान लागायची वाट न बघता तासातासाला पाणी. ओआरएसची चार पाकिटं न्या. लघवी पिवळी आणि कमी होतेय असं वाटलं तर फिरणं थांबवून खोलीत या. खायला सांगलीहून साधं भडंग, बेदाणे, राजगिऱ्याच्या वड्या, मेतकूट आणि तूप घ्या. गरम भात कुठंही मिळतो, त्यावर मेतकूट-तूप घातलं की परक्या गावातही मुलगा जेवतो. चौपाटीवरची भेळ मोठ्यांनी खावी. मुलांना बर्फाचा गोळा आणि उघड्यावरचं पाणीपुरीचं पाणी देऊ नका.

आता शेवटचं. २०१४मध्ये गिरगाव चौपाटीवर आमच्या गटातला चार वर्षांचा मुलगा हरवला. अकरा मिनिटं. त्याची आई वाळूत खाली बसली होती, तिला उभं राहता येईना. तो सापडला कणसाच्या गाडीपाशी, निखारे बघत. त्याला आपण हरवलोय हेच माहीत नव्हतं. त्या रात्री मी त्याच्या उंचीला वाकून चौपाटीवर चालून बघितलं. फक्त गुडघे दिसत होते, एकसारखे, शेकडो. चेहरा एकही नाही.

म्हणून रोज खोलीतून निघताना तीन कामं. मुलाच्या हातावर आतल्या बाजूला बॉलपेननं तुमचा मोबाइल नंबर (स्केचपेन घामानं पुसतं). दोघांचा त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो, कारण घाबरलेल्या आईला शर्टाचा रंग आठवत नाही. आणि आईच्या अंगावर रोज एकाच रंगाचं काहीतरी, म्हणजे मुलांना गुडघ्यांच्या गर्दीत ओळखता येईल असं: लाल सलवार, पिवळी साडी. मुलीला शिकवा की आई दिसेनाशी झाली तर जिथं आहेस तिथंच थांब, आई तुला शोधत येईल, तू आईला शोधायला जायचं नाही. हेही घरी खेळूनच शिकवा, बाजारात नाही. ११२ (तातडीची मदत) आणि १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) हे नंबर मोबाइलमध्ये ठेवा, रेल्वेत असाल तर १३९.

मंगळवारी संध्याकाळी परतीची महालक्ष्मी. गाडी रात्री आठनंतर सुटते, पण तुम्ही साडेपाच-सहालाच सीएसएमटीला पोचा, नंतर घरी जाणाऱ्यांची झुंबड असते. मेट्रोनं या, सामान कमी ठेवा. सासूबाईंना आणि मुलाला आत बसवा, मिस्टरांना सामानापाशी ठेवा आणि तुम्ही एकट्या मुलीला घेऊन बाहेर या. चार दिवस धाकट्याच्या मागे गेलेले असतात, तिला अर्धा तास फक्त तुमचा द्या. ही इमारत बांधायला १८७८ला सुरुवात झाली आणि दहा वर्षं लागली, हे तिला सांगा. मग भिंतींवर दगडात कोरलेले प्राणी-पक्षी शोधायला लावा. माकडं, मोर, काय काय आहे तिथं. मुख्य फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे आणि एकीकडे वाघ. कुठल्या बाजूला कोण ते मी सांगत नाही. तिनं बघून यावं आणि परत आल्यावर बालवाडीत येऊन मला सांगावं.